नऊ महिने ई-रीडर आणि जगभरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या: मडकईच्या फेरीत वाचताना

गेल्या दसऱ्याला ई-रीडर घेतला, आता आषाढ चालू आहे. एवढ्या काळात त्यावर अकरा ऐतिहासिक कादंबऱ्या वाचल्या, सगळ्या परदेशी, बहुतेक इंग्रजी अनुवादातून. घेण्याआधी जे अनुभव चाळले त्यांत बॅटरी आणि वजन याच्या पलीकडे फारसं कुणी काही लिहिलेलं नव्हतं. मला वेगळंच जाणून घ्यायचं होतं. पन्नास-साठ अनोळखी नावं, नकाशे, वंशावळी, तळटीपा असलेलं जाडजूड पुस्तक यावर नीट वाचता येतं का?

मी राहते मडकईला, नोकरी वास्कोला. रोज सकाळी स्कूटर फेरीबोटीत चढवायची, जुवारी ओलांडून कुठ्ठाळीला उतरायचं. माझं निम्मं वाचन या फेरीत आणि धक्क्यावर तिची वाट बघताना होतं. पाण्यावरचं ऊन थेट तोंडावर येतं, मोबाईलच्या काचेत आपलाच चेहरा दिसतो. ई-रीडरवर मात्र अक्षर छापील कागदासारखं उठून दिसतं, ऊन जितकं कडक तितकं जास्त स्वच्छ. रोज तासभर वाचून चार्जिंग तीन आठवडे पुरतं. घरी पावसाळ्यात वीज गेली तरी याचा स्वतःचा उजेड असतो. आणि बुरशी नाही! गोव्यात जुनी पुस्तकं जपणाऱ्यांना याचं मोल सांगायला नको. आजोबांची ‘उषःकाल’ची प्रत दर श्रावणात उन्हाची तिरीप शोधत व्हरांड्यात मांडावी लागते.

सुरुवात तोलस्तोयच्या ‘युद्ध आणि शांती’पासून केली आणि तिथे या यंत्राने मला जिंकलं. कादंबरी 1805 सालच्या पीटर्सबर्गमध्ये, उमरावांच्या बैठकीत उघडते आणि ही रशियन माणसं चक्क फ्रेंच बोलतात. माझ्या अनुवादात फ्रेंच तसंच ठेवलं आहे. तळटीपेच्या आकड्यावर बोट टेकवलं की खाली छोट्या चौकटीत अर्थ येतो, पान सुटत नाही. नावांचं तर विचारूच नका. अस्वलाच्या पाठीला पोलीस बांधणारा दोलोखव शेकडो पानांनी कादंबरीचा नायक पियेर याच्यासमोर पिस्तूल घेऊन उभा राहतो, तोवर आपण त्याला विसरलेलो असतो. शोधात नाव टाकलं की तो आधी कुठे कुठे आला ते ओळीने दिसतं. छापील प्रतीत हे मला कधीच जमलं नसतं, मी पुस्तक अर्ध्यावर सोडलं असतं.

पण हाच शोध ‘वुल्फ हॉल’मध्ये उताणा पडला. हिलरी मँटेलच्या या कादंबरीला 2009 चं बुकर मिळालं. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या दरबारात थॉमस किती असावेत? क्रॉमवेल थॉमस, वुल्झी थॉमस, मोर थॉमस, क्रॅनमर थॉमस, हेन्रीची राणी अ‍ॅन हिचे वडील बोलिनसुद्धा थॉमसच. त्यात नायक क्रॉमवेलला लेखिका बहुतेक वेळा नुसतं ‘तो’ म्हणते. सुरुवातीला पात्रांची यादी आणि ट्यूडर घराण्याची वंशावळ दिली आहे, पण सहा इंचांच्या करड्या पडद्यावर ती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. मोठी करावी तर एक फांदी दिसते, खोड दिसत नाही. मोठी करून पुन्हा आपल्या पानावर यायला चार वेळा बोट लावावं लागतं. छापील पुस्तकात आपण वंशावळीच्या पानात डाव्या हाताचं बोट अडकवून ठेवतो आणि उजव्या हाताने वाचत राहतो. ते अडकवलेलं बोट इथे नाही. पुढे जायला हे यंत्र उत्तम, मागे वळायला अडाणी. आणि ऐतिहासिक कादंबरीत तर सारखं मागे वळावं लागतं.

‘स्वामी’ किंवा ‘पानिपत’ वाचताना आपल्याला हा त्रास होत नाही, कारण माधवराव, रमाबाई, भाऊसाहेब आपल्याला शाळेपासून माहीत असतात. शेवट माहीत असूनही आपण रडतो. परक्या इतिहासात ही आधीची ओढ नसते, ती पानापानाने जमवावी लागते. मग ती जमली की मात्र...

शुसाकू एंदोची ‘सायलेन्स’ मी जूनमध्ये वाचली. सतराव्या शतकातला जपान. 1614 मध्ये तिथे ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी आली आणि उरलेले भाविक लपून प्रार्थना करू लागले. संशयिताला ख्रिस्ताची किंवा मारियेची कोरलेली प्रतिमा पायाखाली तुडवायला लावत, तिला फुमि-ए म्हणतात. माझ्या यंत्रातल्या शब्दकोशात हा शब्द सापडला नाही. कादंबरीतले तरुण पोर्तुगीज पाद्री लिस्बनहून निघून आधी उतरतात ते आपल्या गोव्यात. मी ते वाक्य वाचलं तेव्हा फेरी नदीच्या मध्यावर होती. मान वर केली तर समोर कुठ्ठाळी.

कुठ्ठाळी म्हणजे जुनी कुशस्थळी. 1560 साली मंगेशाचं लिंग तिथून याच जुवारीपार हलवून अंत्रुज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, प्रियोळला नेलं. कुठ्ठाळीच्या तीरावर पोर्तुगीज देवळं पाडत होते, मडकईच्या बाजूला आदिलशाही होती. त्याच साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माच्या नावाने चौकशी आणि शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं. आजी सांगायची, देव रात्री होडीतून आणले. लहानपणी ती मला नुसती गोष्ट वाटायची. जपानी खेड्यातले ते शेतकरी गवताखाली क्रूस लपवताना वाचले आणि पहिल्यांदा मला होडीतली माणसं दिसली. वल्ह्याचा आवाज होऊ नये म्हणून जपणारी, कापडात गुंडाळलेलं काहीतरी मांडीवर धरून बसलेली. इथे लपवणारे हिंदू, तिथे लपवणारे ख्रिस्ती, आणि दोघांच्या पोटातली भीती एकाच जातीची. हे मला कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकाने दिलं नव्हतं.

त्याच धाग्यावर इव्हो आंद्रिचची ‘द्रीना नदीवरचा पूल’ घेतली. तिचा नायक माणूस नाही, विशेग्राडचा अकरा कमानींचा दगडी पूल आहे. 1516 साली तुर्क सैनिक बोस्नियातली मुलं घोड्यांवरच्या टोपल्यांत घालून नेतात. नदीकाठी आया मागे राहतात. त्यांतला एक मुलगा मोठेपणी वजीर मेहमेद पाशा होतो आणि छातीतली ती जुनी कळ थांबावी म्हणून तिथेच पूल बांधवतो. ही पानं वाचतानाच फेरीच्या छपरावरून पावसाचे दोन थेंब पडद्यावर पडले आणि पानं आपोआप सरसर पुढे गेली. माझी जागा हरवली. पाऊस लागला की स्पर्शाचा पडदा असं करतो. आता जून ते सप्टेंबर मी तो पारदर्शक झिपच्या पिशवीत घालून वाचते, पिशवीवरूनही बोट चालतं.

मराठीसाठी मात्र हा घेऊ नका. काही पुस्तकांत ‘दुसऱ्या’तला र तुटून पडतो, मराठी शब्दकोश नाही आणि हव्या त्या जुन्या कादंबऱ्याही मिळाल्या नाहीत. ‘राऊ’ मी छापीलच वाचली.

वंशावळीवर मी काढलेला उपाय साधा आहे. पुस्तक सुरू करण्याआधी संगणकावर नकाशा आणि घराणं मोठं करून बघते, शाळेच्या वहीच्या कागदावर पेन्सिलीने उतरवते आणि घडी करून कव्हराच्या आतल्या कप्प्यात ठेवते. हाताने काढताना निम्मी नावं पाठ होतात. कप्प्यात आता तोलस्तोयची रस्तव आणि बल्कोन्स्की घराणी, ट्यूडर आणि द्रीनेचं वळण आहे. परवा पुढच्या कादंबरीसाठी त्यात 1860 चं सिसिली आलं.