प्लाझ्मा कटर आठ महिने वापरल्यावर: अँपिअर नंतर, आधी हवा बघा

पाडव्याला मशीन गाळ्यात आलं, हार घातला, पेढे वाटले. आता दिवाळीही होऊन गेली. मधे एक अख्खा पावसाळा गेला, आणि खरं सांगायचं तर मशीनची ओळख त्या पावसाळ्यातच झाली. म्हणून इतके दिवस लिहायचं थांबलो होतो.

कंपनीचं नाव देत नाही. निम्म्या तक्रारी माझ्याच गाढवपणाच्या आहेत आणि उरलेल्या या वर्गातल्या कुठल्याही मशीनला लागू पडतील. ४० अँपिअरचा, सिंगल फेजवर चालणारा इन्व्हर्टर टाइप एअर प्लाझ्मा कटर. टॉर्च (हातात धरून कापायचा भाग), अर्थिंगचा क्लॅम्प आणि रेग्युलेटर धरून बेचाळीस हजारांच्या आत पडला. कागदावर १० मिलिमीटर स्वच्छ कट, ओढूनताणून १६.

आमचा गाळा भांडुपला, एलबीएस रोडच्या आतल्या बाजूला. माणसं तीन. मी, मामा आणि एक पोरगी. मामा कुणाचेच मामा नाहीत, पण तीस वर्षं गॅस कटिंग केलेल्या माणसाला आमच्या लाइनीत दुसरं काय म्हणणार. पोरगी आयटीआयचा वेल्डर ट्रेड करून अप्रेंटिस म्हणून आलेली. कामं म्हणाल तर सोसायट्यांचे जिने, टाकीची झाकणं, शेडच्या खांबांखालच्या बेसप्लेटी आणि सांध्यांवरचे गसेट, हॉटेलांच्या किचनमधली एसएसची (स्टेनलेस स्टीलची) कामं. एकाचा माल दुसऱ्याला चालत नाही, प्रत्येक वेळी नवं माप.

मशीन घेतलं ते एसएससाठी. गॅसने एमएस (साधं माइल्ड स्टील) कापताना लोखंड वितळवत नसतो, जाळत असतो. ९०० अंशांच्या आसपास लाल करायचं, ऑक्सिजन सोडायचा, की लोखंड स्वतःच जळत जातं. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडची साय धरते, ती खालच्या धातूच्या आधी वितळतच नाही, मग जळणार काय? अॅल्युमिनियमचंही तेच. त्यामुळे एसएसचा वाकडा आकार आला की आम्ही ग्राइंडरवर पातळ डिस्क लावून कुरतडत बसायचो. किचनच्या धुराच्या एका हूडच्या चार कोपऱ्यांत अर्धा दिवस जायचा. प्लाझ्माला जाळण्या-बिळण्याशी घेणंदेणं नाही. नोझलमधून जाणाऱ्या हवेतच आर्क पेटतो, त्या झोताने धातू वितळतो आणि तोच झोत वितळलेलं खाली उडवून देतो. वीज वाहून नेणारा कुठलाही धातू चालतो. दीड मिलिमीटर एसएस तर आम्ही हातातली वही फाडावी तसं कापतो. या एका गोष्टीसाठी पैसे वसूल.

डेमोला जो माणूस आला होता त्याने वीस मिनिटांत सगळं उरकलं. नवीकोरी ३ मिलिमीटरची प्लेट, मार्च महिना, कोरडी हवा. कट असा आला की मामासुद्धा दोन मिनिटं गप्प. त्या माणसाने अँपिअर सांगितले, वॉरंटी सांगितली, हवेबद्दल एवढंच बोलला, "पाच बार प्रेशर ठेवा, झालं."

इथंच घोडं पेंड खातं.

पहिलं म्हणजे नुसतं प्रेशर पुरत नाही, हवा सतत यावी लागते. या मशीनला मिनिटाला साधारण १७० लिटर हवा लागते. आमच्याकडे रंगकामाचा एक एचपीचा कॉम्प्रेसर होता. ट्रिगर दाबला की काटा पाचवर, अर्ध्या मिनिटात तीनवर, आणि आर्क पिवळा पडून फडफडायचा. कमी हवेत नोझल तर जळतंच, शिवाय कटच्या मधेच आर्क तुटला की परत सुरू केलेल्या जागी खाच पडते. शेवटी मशीनांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, दोन फेऱ्या मारून तीन एचपीचा बेल्टवाला कॉम्प्रेसर आणला. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. खरेदीला निघताना हा मसाला हिशेबात धरा. आणि कॉम्प्रेसरच्या पाटीवर लिहिलेले लिटर बहुतेक वेळा पिस्टन किती ओढतो ते असतात, बाहेर मिळतात त्याहून बरेच कमी. दुकानात 'एफएडी (प्रत्यक्ष बाहेर मिळणारी हवा) किती' असं विचारा. उत्तर आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

दुसरं म्हणजे पाणी. जूनमध्ये पाऊस लागला आणि नोझलं शेंगदाण्यासारखी संपायला लागली. जुलैच्या एका दिवशी चार नोझलं आणि तीन इलेक्ट्रोड गेले. इलेक्ट्रोड म्हणजे तांब्याची गुल्ली, तिच्या टोकाला हाफ्नियम धातूचा टिकलीएवढा ठिपका. तो ठिपका हळूहळू झिजून खळगा पडतो, दीड मिलिमीटर खोल गेला की गुल्ली टाकायची. आमच्या गुल्ल्या तासाभरातच खोल जात होत्या आणि नोझलचं भोक गोल राहायच्या ऐवजी लंबगोल. मी दुकानदाराला नकली माल दिला म्हणून फोनवर नको ते बोललो. (नंतर जाऊन माफी मागितली, चहाही त्यानेच पाजला.)

मामांनी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडला तेव्हा उलगडा झाला. तांबूस पाणी, तांब्याभर तरी असेल.

नंतर घरी बसून हिशेब केला. ३० अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात हवा जवळजवळ भरलेलीच असते. मिनिटाला १७० लिटर म्हणजे तासाला दहा घनमीटर. ती दाबून आठ बारला नेली आणि थंड झाली की बहुतेक वाफेचं पाणी होतं. तासभर आर्क चालला तर पाव लिटरच्या जवळपास पाणी कुठे ना कुठे पडणारच. टाकीत नाही पडलं तर टॉर्चमध्ये पडतं. मशीनसोबत आलेला काचेचा छोटा फिल्टर थेंब पकडतो, वाफ नाही.

हवा थंड करून पाणी काढणाऱ्या रेफ्रिजरेटेड ड्रायरची किंमत ऐकून मी फोन ठेवला. आम्ही केलं ते देशी काम. कॉम्प्रेसरपासून पन्नास फूट जीआय (जस्ताचा थर दिलेला) पाइप भिंतीवर वर-खाली फिरवला, म्हणजे हवा वाटेतच थंड होते. प्रत्येक खालच्या टोकाला पाइपचा वीतभर आंधळा (पुढे बंद) तुकडा आणि त्याला कॉक, पाणी तिथे साचतं. हवा घ्यायचा फाटा पाइपच्या पोटातून नाही, पाठीवरून काढला. शेवटी सिलिका जेलची बाटली. दाण्यांनी रंग बदलला की वेल्डिंग रॉड सुकवायच्या ओव्हनमध्ये टाकून परत कोरडे करतो. सगळं मिळून साडेसहा हजार, त्यात एक रविवार. ऑगस्टच्या भर पावसात तेच नोझल दोन-तीन दिवस जायला लागलं. मशीन तेच, नोझलं त्याच दुकानातली.

आता हाताबद्दल. माझा अंदाज होता मामा आठवड्यात तयार होतील आणि पोरीला महिना लागेल. झालं उलटं. गॅस कटरचा हात सावकाश असतो, आधी तापवा, मग ओढा. मामा प्लाझ्माही तसाच ओढायचे. आर्क जागेवर रेंगाळला की फट रुंद होते आणि खालच्या कडेला मेणबत्तीच्या ओघळांसारखा जाड बर, म्हणजे गोठलेला धातू, लोंबतो. तो छिन्नीच्या एका टोल्याने पडतो म्हणून मामांना त्यात वावगं वाटेना. पोरीला जुनी सवयच नव्हती. तिने पहिल्या दिवशी घाई केली, ठिणग्या खाली जायच्या ऐवजी तोंडावर उसळल्या, म्हणजे कट आरपार गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी तिचं तिलाच कळलं की प्लेटवर बघायचंच नाही, प्लेटखाली बघायचं. ठिणग्यांचा झोत सरळ खाली पडला तर हात मंद आहे. जरासा मागे कलून, पंधरा-वीस अंशांनी, निघाला तर बरोबर. आवाजही बदलतो, नवं कापड फाडल्यासारखा एकसारखा येतो.

आम्ही तिच्यासाठी एकच शिस्त लावली. ट्रिगर न दाबता त्याच रेषेवरून दहा वेळा हात फिरवायचा. कोपर कुठे अडतं, केबल कुठे ओढते, पाय कुठे बदलायचा हे आर्क पेटायच्या आधी कळलं पाहिजे. कंटाळवाणं आहे, पण सहा मिलिमीटर प्लेटवर तिचा दोन फुटांचा कट आता माझ्यापेक्षा सरळ येतो.

मामा मागे पडले असं समजू नका. आखणीत अजून त्यांचा हात कुणी धरत नाही. प्लाझ्माची फट ४० अँपिअरवर दीड मिलिमीटरच्या आसपास पडते. ती रेषेच्या कुठल्या बाजूला द्यायची हे न ठरवता कापलं की मापात पाप ठरलेलं. शिवाय पट्टी लावून ओढताना नोझल पट्टीला टेकत नाही, त्याच्या बाहेरचा कप टेकतो, म्हणजे पट्टी रेषेपासून कपच्या अर्ध्या रुंदीइतकी सरकवून लावायची. मामांनी तेवढ्याच रुंदीचा लोखंडी फ्लॅटचा तुकडा कापून टॉर्चला दोरीने बांधून ठेवला. मोजायचं नाही, तुकडा ठेवायचा आणि पट्टी लावायची. या तुकड्याची किंमत शून्य, पण मशीनसोबत आलेल्या अॅक्सेसरीजपैकी एकही त्याच्याइतकी कामाला आली नाही.

मोठा फटका बसला तो सप्टेंबरमध्ये. एका शेडसाठी ४८ बेसप्लेटी, १५० बाय १५० बाय १० मिलिमीटर. पोरीने सुंदर कापल्या, दिल्या पाठवून. साइटवरच्या इंजिनिअरने कडेला गुण्या लावला आणि परत पाठवल्या. वरून १५०, खालून १५३. कड तिरकी. आम्हाला वाटलं टॉर्च तिरका धरला. तसं नव्हतं. टॉर्चच्या आत हवेला पीळ देणारी एक छोटी रिंग असते. त्या पिळामुळे कापत जाण्याच्या दिशेला तोंड केलं तर उजवीकडची कड काटकोनात येते आणि डावीकडची उतरती. म्हणून बाहेरचा आकार घड्याळाच्या काट्यासारखा फिरून कापायचा, म्हणजे माल उजव्या हाताला राहतो. आतलं भोक कापताना बरोबर उलटं. आम्ही ४८ च्या ४८ प्लेटी उलट्या फिरून कापल्या होत्या. दोन दिवस ग्राइंडर फिरवला, तो खर्च कुणाकडे मागणार? मॅन्युअलमध्ये या गोष्टीवर एक ओळ आहे, तीही टॉर्चच्या चित्राखाली मुंगीच्या अक्षरात.

आणखी एक गोष्ट मॅन्युअलमध्ये मुळीच नाही. हवेत नायट्रोजन असतो, तो कापताना कडेत शिरतो. ती कड तशीच जोडून वेल्ड मारला की वेल्डमध्ये सुईने टोचल्यासारखी रंध्रं येतात. आम्ही आधी रॉड ओला असेल, मग वारा लागला असेल, असं सगळं करून बघितलं. आता वेल्ड करायची कड ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत घासतो, मग त्रास नाही. प्लाझ्माने पाडलेल्या भोकात टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवायला जाऊ नका, कड कडक झालेली असते, टॅप मोडतो. भोक ड्रिलनेच मारा.

हे मशीन काय करत नाही तेही सांगतो. अँगल, पाइप, चॅनल सरळ कापायचे असतील तर आमची जुनी चॉप सॉच बरी. २५ मिलिमीटर प्लेट आली की मामा खुशीत गॅस पेटवतात. आणि भोकाभोकांचं, अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं काम असेल तर आम्ही ड्रॉइंग देऊन बाहेरून लेझरवर कापून आणतो. हाताने धरलेल्या प्लाझ्माकडून मी एक मिलिमीटर इकडे-तिकडे धरूनच चालतो. गिऱ्हाइकालाही तसंच सांगतो.

किरकोळ तक्रारी: टॉर्चची केबल चार मीटर, मोठ्या प्लेटला मशीनच उचलून फिरवावं लागतं. ड्युटी सायकल ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं कट, मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली त्याआधीच लाल दिवा लागायचा. वॉरंटी मशीनला आहे, टॉर्चला नाही, आणि बिघडतो टॉर्च. जीआय कापाल तर दार उघडं ठेवून, पंखा लावून आणि मास्क घालूनच कापा. एकदा मी आळस केला, रात्री हुडहुडी भरून ताप. जस्ताचा धूर होता तो, दुसऱ्या दिवशी उतरला. चष्मा पाच नंबर शेडच्या गडद काचेचा घ्या. साधा काळा गॉगल चालतो म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

गेल्या आठवड्यात मामांनी पहिल्यांदा आपणहून टॉर्च मागितला. गिरगावातल्या एका जुन्या घराच्या खिडकीची जाळी होती, वेलबुट्टीची, एसएसमध्ये. पोरीने हार्डबोर्डचा साचा कापून ठेवलेला. मी टॉर्च द्यायला गेलो तर पोरगी मधेच म्हणाली, "मामा, आधी पाणी सोडलंत का?" मामा काही बोलले नाहीत. भिंतीपाशी जाऊन तिन्ही कॉक एकेक करून उघडले, फुस्स आवाज कोरडा येईपर्यंत थांबले, मग चष्मा चढवून आले.