कल्याणी पेन्शन, इंदूर: अर्जानंतर अकरा महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग रडगाणं. पैसे येतात. सप्टेंबरपासून विधवांसाठीच्या या पेन्शनचे दर महिन्याला ६०० रुपये काकूच्या खात्यात जमा होतात, मोबाइलवर मेसेज येतो, एकही महिना चुकलेला नाही. मधे कुणी टक्का मागितला नाही. पण मार्चमधला अर्ज आणि सप्टेंबरमधला पहिला हप्ता यांच्यात जे सहा महिने गेले, ते काकूने एकटीने काढले असते का, याचं उत्तर मला आणि तिला दोघांनाही माहीत आहे.

काका सप्टेंबर २०२४ मध्ये गेले. कापड मार्केटात मुनीमगिरी केली जन्मभर, म्हणजे पीएफ नाही, पेन्शन नाही. मुलगी पुण्याला. काकू रामबागेतल्या जुन्या वाड्यात दीड खोलीत राहते, दोन घरच्या पोळ्या करते. तिला लाडली बहनाचे, म्हणजे राज्य सरकारच्या बायकांसाठीच्या योजनेचे, महिना १२५० मिळत होते. काका गेल्यावर लगेच कल्याणी पेन्शनचा अर्ज का केला नाही, असं मुलीने विचारलं. कारण असं की पेन्शन घेणाऱ्या साठीच्या आतल्या बाईला लाडली बहनात फक्त वरचा फरक देतात. बेरीज तीच, मग खेटे कशाला? हा हिशेब माझाच, आणि तो चुकला. कारण फेब्रुवारी २०२५ मध्ये काकू साठ वर्षांची झाली आणि लाडली बहना थांबली. योजना साठीपर्यंतच आहे. एक सोडायच्या आत दुसरी धरून ठेवायला हवी होती.

मध्य प्रदेशाबाहेरच्यांसाठी: इथे राज्य सरकार विधवेला ‘कल्याणी’ म्हणतं. सामाजिक न्याय विभागाच्या बाकीच्या बऱ्याच पेन्शनींना बीपीएल कार्ड लागतं. मुख्यमंत्री कल्याणी पेन्शनला लागत नाही. वय १८ च्या वर, आयकर भरत नसावी, नवऱ्यामागे सरकारी कुटुंब पेन्शन मिळत नसावी, बस. हे मी ठळकपणे लिहितोय, कारण आमच्या किऑस्कवाल्याने साठ वर्षं ऐकल्याबरोबर वृद्धावस्था पेन्शनचा फॉर्म भरला. त्यात बीपीएल नंबर हवा, आमच्याकडे नाही, अर्ज परत. तीन आठवडे गेले.

खरी गोची नावाची.

काकूचं माहेरचं नाव कुसुम. १९८६ साली लग्न झालं, ताटात तांदूळ पसरले, काकांनी अंगठीने त्यात ‘सुमती’ लिहिलं आणि तिथून पुढे सासरी ती सुमती. आपल्याकडे यात नवल काही नाही, आमच्या आजीचीही दोन नावं होती. पण त्या तांदळातल्या नावाची नोंद कुठल्या कचेरीत होते? शाळेचा दाखला कुसुम. त्याच्यावरून बँक कुसुम, बँकेवरून आधार कुसुम. रेशनकार्ड काकांनी केलं, तिथे सुमती. काकांच्या मृत्यूच्या दाखल्यावर पत्नीचं नाव मीच सांगितलं, तेही सुमती. त्या दिवशी मला दुसरं आठवणार तरी कसं?

खिडकीवरच्या भियाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, एकावर बोट, दुसऱ्यावर बोट. "मृतक की पत्नी सुमती. आवेदिका कुसुम. अम्मा, आप दूसरी वाली हो क्या?"

मागे रांग. दोघे-तिघे हसले. मी काही बोलणार, तोवर काकूनेच शांतपणे त्याला ताट, तांदूळ, अंगठी सगळं हिंदीत समजावून सांगितलं, मधे "हमारे में ऐसाच होता है" वगैरे. तो ऐकत राहिला. मग अगदी मनापासून विचारलं, "तो चावल का फोटो है?"

आणि फोटो होता! घरी येऊन आम्ही अल्बम काढला. काळापांढरा, कडा वळलेल्या. ताट दिसतं, ‘सु’ दिसतो, पुढची अक्षरं काकांच्या मनगटाखाली. लग्नपत्रिकाही सापडली, पण पत्रिकेवर नाव माहेरचंच असतं. म्हणजे एका नावाचे ढीगभर पुरावे, दुसऱ्या नावाचे ढीगभर पुरावे, आणि दोन्ही एकाच बाईची आहेत असं म्हणणारा कागद एकही नाही. शेवटी नोटरीकडून शपथपत्र केलं, दोन साक्षीदार, वर पार्षदांचं, म्हणजे नगरसेवकांचं, पत्र. काकू परत येताना म्हणाली, "माहेरची कुसुम, सासरची सुमती, आता सरकारची कल्याणी. अजून एखादं राहिलंय का रे?"

आडनावाचा वेगळाच घोळ. आमच्या आडनावात ळ आहे. हिंदी कीबोर्डवर बसलेला माणूस तिथे ल टाकतो, त्याचं इंग्रजी दुसरा कुणी तिसऱ्याच स्पेलिंगने करतो. सुदैवाने काकूच्या आधारवर आणि समग्रवर, म्हणजे राज्याच्या कुटुंबनोंदणीत, एकच चूक होती, त्यामुळे दोन्ही जुळले. आम्ही ती चूक तशीच ठेवली आहे. तुम्हीही ठेवा.

समग्र म्हणजे काय ते थोडक्यात, कारण सगळी गाडी त्यावर चालते. कुटुंबाचा आठ आकडी नंबर, प्रत्येक माणसाचा नऊ आकडी. पेन्शन, शिष्यवृत्ती, रेशन, सगळं त्याच नंबरावरून. आमच्या कुटुंब आयडीत काका अजून मुखिया होते, म्हणजे हयात. मृत्यूचा दाखला एका खिडकीतून मिळतो, त्याची खबर शेजारच्या खिडकीला नसते. आपणच जाऊन नाव कमी करून घ्यायचं, मग काकूची वैवाहिक स्थिती बदलायची, मगच पेन्शनचा अर्ज पुढे सरकतो. हा क्रम आधी कुणी सांगितला असता तर एप्रिलमध्येच काम झालं असतं.

मेअखेर अर्ज ‘प्रक्रियेत’ होता. जूनमध्येही तेच. मग १८१ वर, म्हणजे सीएम हेल्पलाइनवर तक्रार टाकली. तिथे तक्रार एल-वन अधिकाऱ्यापासून सुरू होते आणि सुटली नाही की वर एल-फोरपर्यंत चढते. खाली असताना फोन येतो: "आपका काम हो जाएगा, शिकायत बंद करवा दीजिए." करू नका. मी एकदा बंद केली, आणि कामही तिथेच बंद झालं. दुसऱ्यांदा टाकली तेव्हा गोड बोलून नकार देत राहिलो. त्याच सुमारास एका मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर कचेरीत जनसुनवाईला, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, गेलो. मोठी गर्दी, पण अर्ज हातात घेऊन वाचतात आणि नाव-विभाग लिहून पुढे पाठवतात. दोन दिवसांनी एका मॅडमचा फोन आला. शपथपत्राची प्रत स्कॅनमध्ये पुसट आली होती, एवढंच अडलं होतं. नवी प्रत दिली, मंजुरी निघाली. या मॅडमनीच खातं डीबीटीला, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायच्या व्यवस्थेला, मॅप आहे का ते तपासून घेतलं. बँकेत आधार जोडलेला असणं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा कळलं. काकूचं लाडली बहनामुळे आधीच झालेलं होतं.

माहितीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची एल्डरलाइन चांगली आहे, सकाळी ८ ते रात्री ८. काम ते करून देत नाहीत, पण कुठे जायचं ते नीट, न ओरडता सांगतात. मी हा नंबर सगळ्यात शेवटी फिरवला, तो पहिला फिरवायला हवा होता.

आता रकमेबद्दल. इथली पेन्शन २०१९ मध्ये ३०० वरून ६०० झाली, आणि काकूला आज ६०० च मिळतात. रोज अर्धा लिटर दूध घेतलं तर महिनाअखेर गाठत नाहीत. साठीच्या आदल्या महिन्यात १२५०, नंतर ६००. हात चालत होते तेव्हा जास्त, हात थकल्यावर निम्मे. काकू म्हणते, "पोळ्यांची दोन घरं सोडायची होती, राहू दे आता." मुलगी पुण्याला बोलावते आहे. पण पेन्शन मध्य प्रदेशच्या रहिवाशाला, समग्र नंबर इथला, तिकडे गेलं की पुन्हा पहिल्यापासून. सहाशे रुपयांसाठी कुणी गाव धरून बसतं का, असं मुलगी फोनवर म्हणाली. काकू काही बोलली नाही, पण पुण्याचं तिकीटही काढलं नाही.

मी एकंदर सात अर्ध्या रजा टाकल्या. रांगेत एक म्हातारी दोनदा भेटली, कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळलेले, दर वेळी मला विचारायची की यातला कुठला दाखवू. मी जमेल तसे क्रमाने लावून दिले. तिसऱ्या वेळी ती आली नव्हती.

पाचपैकी तीन तारे देतो. एक नियमित पैशासाठी, एक बीपीएलची अट नसल्याबद्दल, एक त्या मॅडमना. वाड्यात मागच्या खोलीतल्या मावशींचा अर्ज या महिन्यात भरायचा आहे. लग्नात त्यांचंही नाव बदललं होतं. शपथपत्र करून ठेवलंय, दोन प्रती, ठळक.