फोननंबर्स लायब्ररी: नांदेडच्या लॉजवर वर्षभर वापरली, इटलीचा शून्य वाचला

मी नांदेडात लॉज-हॉटेलवाल्यांना बुकिंगचं सॉफ्टवेअर करून देतो. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळं आपल्याकडं बाहेरदेशातली माणसं किती येतात हे नांदेडवाल्याला सांगायला नको, कॅनडा, इंग्लंड, इटली, सिंगापूर, कुठून कुठून येतात अन् प्रत्येकाचा फोन नंबर वेगळ्याच तऱ्हेचा असतो. हा रिव्ह्यू गूगलच्या लिबफोननंबर ह्या लायब्ररीचा हाय, लायब्ररी म्हणजे आपल्या प्रोग्राममधी जोडायचा तयार कोड, ही फोन नंबर ओळखून तपासून नीट मांडून देते. मी वापरतो ते तिचं पायथॉन ह्या प्रोग्रामिंग भाषेतलं रूप, 'फोननंबर्स' ह्या नावानं मिळतं, फुकट हाय, अपाची लायसन्स हाय. मूळ लायब्ररी जावा, सी प्लस प्लस अन् जावास्क्रिप्टमधी हाय. एक वर्ष झालं, रोज वापरायलो, म्हणून आता मोकळेपणानं लिहितो.

आधी मी हिच्याकडं आलो कसा ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

स्टेशनजवळच्या एका लॉजचं बुकिंग माझ्या सॉफ्टवेअरवर चालतं. तिथं एका पंजाबी पोरानं आईवडिलांसाठी खोली बुक केलेली. पोरगा इटलीत ब्रेशियाकडं डेअरीवर कामाला, नंबर दिलेला डेअरीच्या ऑफिसचा, लँडलाईन, +३९ अन् पुढं ०३० नं सुरू होणारा. माझ्या फॉर्ममधी देशाचा कोड वेगळा निवडायचा अन् नंबर वेगळ्या रकान्यात टाकायचा, अन् नंबर सेव्ह व्हायच्या आधी कोडमधली एक ओळ सुरुवातीचे सगळे शून्य उडवून टाकायची. ती ओळ मीच लिहिलेली. आपल्याकडं माणूस मोबाईलच्या आधी शून्य लावून देतोच, त्यात १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावताना शून्य लावायचा नियम झाला तेव्हापासून तर जास्तच, म्हणून मला वाटलं शून्य म्हणजे निस्तं बाहेरचं कव्हर, काढून टाकलं तरी चालतंय.

इटलीत चालत नाही. तिथल्या लँडलाईनचा पहिला शून्य हा नंबरचाच भाग हाय, बाहेरदेशातून लावताना पण तो दाबावाच लागतो. अन् तिथले मोबाईल ३ नं सुरू होतात, त्यांना शून्य नसतोच, म्हणजे '३९ असला की शून्य लाव' असा सरळ नियम पण करता येत नाही.

मॅनेजर काका दोन दिवस कन्फर्म करायला फोन लावत होते, लागंना. गुरुपुरबची गर्दी, संध्याकाळपर्यंत कन्फर्म नाही तर खोली सोडून द्यायची असा लॉजचा नियम, त्यांनी सोडली. रात्री म्हातारा-म्हातारी सचखंड एक्स्प्रेसनी उतरून आले. मला फोन आला तेव्हा मी गाडी काढून गेलो, तर माऊली लॉबीतल्या बाकड्यावर बॅग मांडीवर घेऊन बसलेली अन् बाबाजींनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, पोरानं हातानं लिहून दिलेला. "बेटा, नंबर तो यही लिखाया था." मी कागद स्क्रीनला लावून एकेक आकडा बघितला. सगळे सारखे, एक शून्य तेवढा स्क्रीनवर नव्हता. काका म्हणाले, "दादा, त्या पोराचा शून्य कुठं गेला ओ?" मला उत्तर देता आलं नाही. काकांनी त्या रात्री स्वतःची खोली त्या दोघांना उघडून दिली अन् आपण काऊंटरमागं झोपले.

त्यानंतर मी ह्या विषयात नीट बसलो.

ह्या लायब्ररीचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे तिची नंबर साठवायची पद्धत. ती नंबरला एक लांब आकडा धरत नाही अन् एक लांब शब्द पण धरत नाही, तुकडे करते. देशाचा कोड एका रकान्यात, देशातला आतला नंबर दुसऱ्या रकान्यात, एक्स्टेन्शन, म्हणजे ऑफिसातल्या आतल्या फोनचा छोटा नंबर, तिसऱ्यात, अन् आतला नंबर आकडा म्हणून ठेवल्यावर सुरुवातीचा शून्य गळणार हे तिला ठाऊक हाय म्हणून 'शून्य होता' असं सांगणारी एक वेगळी खूण ठेवते. त्या खुणेचं नावच 'इटालियन लीडिंग झिरो'. एकापेक्षा जास्त शून्य असले तर किती होते ते मोजून ठेवायला अजून एक रकाना. बाहेर छापताना तो शून्य बरोबर जागेवर परत येतो. ते नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती माऊली अन् तिची बॅग आठवली, म्हणलं हा त्रास आपल्या आधी लै जणांना होऊन गेला अन् कुणीतरी मन लावून त्याची जागा करून ठेवली. नाव इटलीचं असलं तरी काम दुसऱ्यांना पण येतं, आयव्हरी कोस्टनं २०२१ मधी नंबर दहा आकडी केले तेव्हा तिथले मोबाईल ०१, ०५, ०७ नं सुरू व्हायला लागले अन् ते शून्य पण काढायचे नसतात.

आता डेटाबेसमधी काय ठेवायचं. हे तुकडे तसेच ठेवता येतात, पण मी ई.१६४ मधी मजकूर म्हणून ठेवतो. ई.१६४ हा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा नियम, देशाचा कोड धरून जास्तीत जास्त १५ आकडे, मधी जागा नाही, डॅश नाही, आपण आधी + लावायचा, म्हणजे सोळा अक्षरांचा रकाना पुरतो. लायब्ररीला सांगितलं की ती थेट असाच देते. व्हॉट्सॲपची लिंक करायची तर पुढचा + काढला की काम झालं.

फोन नंबर इंटिजरच्या, म्हणजे निस्त्या पूर्णांक आकड्याच्या, रकान्यात ठेवणाऱ्यांना हात जोडून सांगतो, नका ठेवू. बत्तीस बिटच्या इंटिजरमधी २१४७४८३६४७ च्या वर जाता येत नाही. पुण्याचा लँडलाईन २० नं सुरू होतो, दहा आकडे धरले तरी बसतो, दिल्लीचा ११ वाला बसतो. आपला नांदेडचा २४६२ वाला बसत नाही, लातूरचा २३८२ वाला बसत नाही, संभाजीनगरचा २४० वाला बसत नाही, परभणी, बीड, जालना, कुणाचाच नाही, अन् मोबाईल तर ६ पासून पुढंच सुरू होतात. पुण्यात बसून टेस्ट केलेलं सॉफ्टवेअर मराठवाड्यात येऊन का फुटतं ह्याचं हे एक खरंखुरं कारण मी स्वतः बघितलंय. मोठा इंटिजर घेतला तर आकडा बसतो, पण + जातो, शून्य जातो. अन् तीच यादी स्प्रेडशीटमधी उघडली की बारा आकडी नंबरचं ९.१९ ई अधिक ११ असलं काहीतरी दिसतं अन् कुणी त्यावरच सेव्ह मारलं की मूळ गेलं.

दुसरी मनापासून आवडलेली गोष्ट लहान हाय. लोहा-कंधारकडचे आपले लोक मोबाईलवर मराठी कीबोर्ड ठेवून फॉर्म भरतात, नंबर पण मराठी आकड्यात येतो. माझं जुनं चेकिंग निस्तं इंग्रजी शून्य ते नऊ बघायचं, अन् मराठी आकडे दिसले की लाल अक्षरात 'नंबर चुकीचा' म्हणायचं. माणसानं आपल्या लिपीत आपला बरोबर नंबर लिहिला अन् मशीन त्याला चूक म्हणायलंय, हे मला लै लागलं होतं. पायथॉनवाली फोननंबर्स मराठी आकडे गुपचूप समजून घेते. वेगळं काही करावं लागलं नाही.

इंग्लंडवाले नंबर +४४ (०) असा कंसात शून्य घालून देतात, तो शून्य बाहेरून लावताना नको असतो, लायब्ररी तो बरोबर काढते. म्हणजे इटलीचा ठेवते, इंग्लंडचा काढते, प्रत्येक देशाचे नियम तिच्याकडं मेटाडेटा, म्हणजे सोबतची माहिती, म्हणून असतात. मेक्सिकोनं २०१९ मधी मोबाईलच्या आधीचा १ काढला, असले बदल पण त्यातच येतात. म्हणून अपडेट करत राहणं लै गरजेचं हाय, एकदा बसवली अन् विसरलो असं चालत नाही.

आता जिथं हात अडकले ते.

+ नसलेला नंबर दिला तर तिला तुम्ही देश सांगावा लागतो, अन् तुम्ही सांगितलेल्यावर ती विश्वास ठेवते. मी सगळीकडं डिफॉल्ट भारत दिलेला. सिंगापूरचा कोड ६५, आतला नंबर आठ आकडी, + न लावता लिहिला की झाले बरोब्बर दहा आकडे अन् सुरुवात सहानं, दिसायला अगदी आपल्याकडचा मोबाईल. लायब्ररीनं तो भारताचा म्हणून घेतला तर तिचा दोष नाही, फॉर्ममधी देश नीट निवडून घ्यायचं काम माझं होतं. दुबईचे ९७१ वाले मोबाईल असे फसत नाहीत, त्यांचे आकडे बारा होतात अन् लगेच कळतं.

'शक्य हाय का' अन् 'व्हॅलिड हाय का' असे दोन वेगळे प्रश्न ती घेते. पहिल्यात मुख्य करून लांबी बघते, दुसऱ्यात त्या देशाची सिरीज तपासते. सुरुवातीला मी व्हॅलिड नसला की फॉर्म अडवायचो. असं करू नका. नवी सिरीज निघाली अन् तुमची लायब्ररी जुनी असली की खऱ्या माणसाचा खरा नंबर अडकतो. आता शक्य नसला तरच अडवतो, व्हॅलिड नसला तर निस्तं पिवळं करून 'एकदा बघून घ्या' म्हणतो. अन् व्हॅलिड म्हणजे फोन लागतोच असं पण नाही, तो नंबर कुणाकडं चालू हाय का हे तिला कळायचा काही मार्ग नाही. तसंच कंपनीचं नाव. ती सिरीज मुळात कुणाची ते सांगते, पण आपल्याकडं २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, म्हणजे पोर्ट करता येतंय, त्यामुळं त्या नावावर काही ठरवू नका.

+१ म्हणजे अमेरिका असं समजू नका. कॅनडा त्यातच, जमैका त्यातच. लॉजवर तर +१ वाले निम्मे कॅनडाचे, ६०४ म्हणजे व्हँकुव्हरकडचे, ९०५ म्हणजे ब्रॅम्प्टनकडचे. लायब्ररी पुढचा एरिया कोड बघून देश बरोबर सांगते. पण तिकडं मोबाईल अन् लँडलाईन एकाच तऱ्हेचे असतात, तिथं ती 'दोन्हीपैकी काहीपण' असं उत्तर देते, मग एसएमएस पाठवायचा का नाही हे तुम्हालाच विचारून घ्यावं लागतं. खरं तेच सांगते, म्हणून मला ते चालतं.

ई.१६४ मधी एक्स्टेन्शन जात नाही. ऑफिसचा नंबर असला अन् पुढं एक्स्टेन्शन १२ असलं तर ते छापताना गळतं, एरर पण येत नाही. मी दोन महिने हे बघितलंच नव्हतं. आता एक्स्टेन्शनचा वेगळा रकाना हाय, अन् स्क्रीनवर दाबून फोन लावायची जी लिंक करतो ती आरएफसी ३९६६ च्या तऱ्हेनं करतो, इंटरनेटवर फोन नंबरची लिंक कशी लिहायची त्याचा २००४ चा नियम हाय, टेल अन् कोलन लिहून पुढं नंबर, एक्स्टेन्शन असलं तर अर्धविराम देऊन तेपण आत. हा फॉरमॅट पण लायब्ररी तयार देते.

ब्राऊजरमधी वापरायचा विचार असेल तर गूगलची जावास्क्रिप्टवाली जड पडते, मी तिथं दुसऱ्यांनी केलेली हलकी घेतली अन् खरं चेकिंग सर्व्हरवर ठेवलं. नवीन पोरांनी सुरुवात करायची तर तिच्या कोडसोबतच एक कागद दिलेला हाय, फोन नंबरबद्दल प्रोग्रामरचे गैरसमज असा, तो आधी वाचावा, मी नंतर वाचला अन् त्यातले निम्मे गैरसमज माझ्या कोडमधी होते.

पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कापला तो एक्स्टेन्शन गुपचूप गळतं त्याचा.

अन् एक काम कराच, माणसानं जसं टाईप केलं तसं मूळ अक्षर न अक्षर वेगळ्या रकान्यात ठेवा, लायब्ररीत पण त्याची सोय हाय. माझ्या जुन्या डेटात ते नव्हतं, शून्य एकदा गेले ते गेले, कोणत्या नंबरातून गेले हे मशीन सांगू शकत नाही. काकांनी मग बुकिंगच्या जुन्या वह्या काढल्या, कागदावर मूळ नंबर होते. रोज रात्री गर्दी ओसरली की ते वाचतात अन् मी टाईप करतो, सिंगापूरसारख्या फसव्या नंबरांची यादी वेगळी केली, त्यातले सतरा राहिलेत. काल एक लावला तो +६५ लावल्यावर पहिल्या रिंगला उचलला.