मादी शॅमेलिऑनच्या हाडांसाठी यूव्हीबी ट्यूब : नऊ महिन्यांचा अनुभव

आमची शेवंती ही व्हेल्ड शॅमेलिऑन या रंग बदलणाऱ्या सरड्याच्या जातीची मादी. तिच्या पिंजऱ्यावर आर्केडिया कंपनीची ६ टक्के यूव्हीबीची (म्हणजे उन्हातल्या अतिनील-ब किरणांची), दोन फुटी, २४ वॉटची टी-५ प्रकारची बारीक ट्यूब बसवून आता नऊ महिने झाले. ज्यांच्याकडे मादी आहे, आणि विशेषतः जिची हाडे आधीच कमकुवत झाली आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

पूर्वी आम्ही पिंजऱ्याबरोबर मिळालेला छोटा बल्ब वापरत होतो, कारण तेवढा पुरेसा आहे असे विक्रेत्याने सांगितले होते. मुलुंडच्या आमच्या घरात सकाळचे ऊनही येते, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. परंतु खिडकीची काच नेमके यूव्हीबी किरणच जवळजवळ पूर्णपणे अडवते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. पावसाळा संपत आला तेव्हा तिची फांदीवरची पकड सैल झाली, समोरच्या रातकिड्यापर्यंत जीभ पोहोचेनाशी झाली आणि पुढचा एक पाय वाकलेला दिसू लागला. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तेव्हा हाडे विरळ झालेली दिसली आणि पोटात अंडी होती. घरात नर कधीच नव्हता.

या जातीची मादी नराशिवायही अंडी घालते, आणि ती एकदोन नव्हे, तर वीस-तीस किंवा त्याहूनही अधिक. त्यासाठी लागणारे कॅल्शियम आहारातून मिळाले नाही तर शरीर ते हाडांतून काढून घेते. रक्तातले कॅल्शियम फार घटले की स्नायूंना जोर राहत नाही आणि अंडी पोटातच अडकून जीव जाऊ शकतो. रातकिड्यांवर कॅल्शियमची भुकटी कितीही भुरभुरली, तरी ते आतड्यातून शोषले जाण्यासाठी जीवनसत्त्व ड-३ लागते आणि ते त्वचेत तयार होण्यासाठी यूव्हीबी लागते. म्हणूनच मादीसाठी या ट्यूबला मी चैनीची वस्तू मानत नाही.

छोट्या बल्बचे किरण एका ठिपक्यापुरते पडतात, तर लांब ट्यूबखाली संपूर्ण फांदी उजळते आणि शेवंतीला हवे तितके पुढेमागे होता येते, हा मला सर्वांत मोठा फरक वाटला. ट्यूब पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवली आहे आणि बसायची फांदी तिच्याखाली साधारण नऊ इंचांवर बांधली आहे. एका परिचितांचे यूव्ही मापक आणून पाहिले, तेव्हा तिच्या पाठीच्या उंचीवर यूव्ही निर्देशांक (अतिनील किरणांची तीव्रता) ३ च्या आसपास भरला, आणि तेवढाच हवा होता. ट्यूब रोज बारा तास चालते.

ट्यूब महाग आहे, ती बसवायची, परावर्तक असलेली पट्टी वेगळी घ्यावी लागते. दिवा डोळ्यांना लख्ख दिसत असतानाही त्यातले यूव्हीबी घटत जाते, म्हणून बसवल्याची तारीख पट्टीवर लिहून ठेवावी आणि साधारण वर्षभराने ट्यूब बदलावी. ही गोष्ट यूव्हीबीच्या सगळ्याच दिव्यांना लागू आहे.

केवळ ट्यूबमुळे शेवंती वाचली, असे म्हणणे मात्र चुकीचे ठरेल. डॉक्टरांनी दिलेले पातळ कॅल्शियम आम्ही काही आठवडे तोंडाने पाजले. आता खाद्यावर साधी कॅल्शियमची भुकटी नेहमी आणि ड-३ असलेली भुकटी महिन्यातून दोनदाच असते, कारण ड-३ शरीरात साठून अपायही करते. प्रौढ मादीला भरपूर खाऊ घातले आणि फार उष्णता दिली तर ती अधिक अंडी धरते. त्यामुळे आम्ही रातकिडे मोजून, एक दिवसाआड देतो. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईची खोलीच इतकी तापते, की तेव्हा उष्णतेचा बल्ब आम्ही लावतच नाही.

ट्यूब बसवल्यावर सुमारे दोन महिन्यांनी पकड घट्ट झाली आणि जीभ पुन्हा पूर्ण लांबीने सुटू लागली. मार्चमध्ये तिने ओलसर वाळूच्या खोल बादलीत स्वतः खणून सव्वीस अंडी घातली. त्या रात्री आम्ही कोणी त्या खोलीत पाऊलही टाकले नाही, कारण कोणी पाहत असेल तर ती खणणे थांबवते. पाय मात्र वाकडाच राहिला आहे. म्हणून तिच्या फांद्या आता एकमेकींच्या जवळ बांधल्या आहेत, म्हणजे दूरवर पाय टाकावा लागत नाही.