पायथनच्या ‘इटरटूल्स’मधील ‘पर्म्युटेशन्स’ : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या मामांचा जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात केळीचा व्यापार आहे. कापणीच्या दिवसांत त्यांची गाडी सकाळी फैजपूरहून निघते आणि सावदा, चिनावल, निंभोरा, खिर्डी अशा गावांच्या बागांतून माल भरत संध्याकाळी परत येते. कोणत्या गावानंतर कोणते गाव घेतले म्हणजे एकूण अंतर कमीत कमी पडेल, हे काढून देण्याचे काम मामांनी माझ्याकडे सोपवले. थांबे थोडे असल्याने सगळेच क्रम तपासून पाहावेत असे ठरवून मी पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतील, ‘इटरटूल्स’ या भागातले, यादीचे सगळे क्रम देणारे ‘पर्म्युटेशन्स’ हे फंक्शन वापरायला घेतले.

वेगळे काही इन्स्टॉल करावे लागत नाही. गावांची यादी द्यावी आणि लूप लावावा. पाच गावांचे १२० क्रम एकेक ट्यूपल (न बदलणारी छोटी यादी) होऊन ठरलेल्या शिस्तीत समोर येतात. यादी आधी चढत्या क्रमाने लावून दिली असेल, तर क्रमही शब्दकोशाच्या शिस्तीने येतात. नऊपैकी कोणत्याही तीनच गावांचे क्रम हवे असतील तर यादीनंतर ३ हा आकडा द्यायचा. ५०४ क्रम मिळतात.

पहिली चूक माझी होती. अकरा गावांच्या दिवशी मी सगळे क्रम आधी एका लिस्टमध्ये साठवायला गेलो. अकरांचे क्रम ३,९९,१६,८०० होतात आणि प्रत्येक ट्यूपलला शंभराहून अधिक बाइट लागतात, त्यामुळे ४ जीबी मेमरीचा माझा लॅपटॉप जागीच अडकला. हे फंक्शन मुळात इटरेटर देते, म्हणजे मागितला तेव्हाच पुढचा क्रम तयार करते. एक क्रम घ्यावा, अंतर मोजावे, आतापर्यंतच्या सर्वांत कमी अंतराशी ताडून पाहावे आणि सोडून द्यावा, हीच त्याची खरी रीत आहे. मात्र इटरेटर एकदाच वापरता येतो. मोजणीसाठी एकदा फिरवून पुन्हा लूप लावला, तर दुसऱ्या लूपमध्ये काहीच हाती लागत नाही.

क्रमांची संख्या आधीच आवरता येते, हे मला उशिरा उमगले. सुरुवातीला मी नऊ गावांबरोबर फैजपूरही यादीत घालत होतो आणि ३६,२८,८०० क्रम तपासत होतो. गाडी निघते आणि परतते तिथूनच, तर त्याची जागा बदलण्याचे कारणच नाही. ते यादीतून काढताच ३,६२,८८० क्रम उरले. जाणे-येणे सारख्याच अंतराचे असल्याने उलटा क्रम तपासण्याची गरज नाही, म्हणून तेही निम्मे झाले.

सर्वांत जास्त वेळ मात्र एकाच गावाच्या दोन खेपांनी घेतला. एके दिवशी चिनावल दोनदा आणि निंभोरा दोनदा घ्यायचे होते. चारच थांबे असताना २४ ओळी छापल्या गेल्या आणि प्रत्येक क्रम चार-चार वेळा दिसला. खरे वेगळे क्रम फक्त सहा. हे फंक्शन घटकांची किंमत पाहत नाही, यादीतील त्यांचे स्थान पाहते. त्याच्या लेखी पहिले चिनावल आणि दुसरे चिनावल वेगळे आहेत. हा दोष म्हणता येणार नाही, कारण पायथनच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिले आहे, पण तिथे एक उदाहरण दिले असते तर बरे झाले असते.

असे उदाहरण आमच्या मातीशी नाते असलेल्या ग्रंथात आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त, अंकपाश (अंकांचे क्रम) या प्रकरणात, २, २, १, १ या अंकांच्या किती संख्या होतात असा प्रश्न आहे आणि उत्तर सहाच आहे : चार अंकांच्या २४ क्रमांना आधी २ या जोडीच्या दोन क्रमांनी आणि मग १ या जोडीच्या दोन क्रमांनी भागायचे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापल्याची नोंद आहे. तो शिलालेख मी पूर्वी पाहिला होता. त्या दिवशी स्क्रीनवरच्या २४ ओळी पाहताना त्याची आठवण झाली.

सेटमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंद एकदाच ठेवणाऱ्या संचात, टाकून दुबार क्रम गाळता येतात, पण आधी सगळे तयार होतातच. सी प्लस प्लस या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेतील ‘नेक्स्ट पर्म्युटेशन’ हे काम नेमके करते : यादी चढत्या क्रमाने लावून दिली, तर सहा क्रम देऊन थांबते. मात्र ते दिलेली यादीच जागेवर बदलते, आणि यादी आधी लावली नसेल तर दिलेल्या क्रमाच्या आधीचे क्रम हुकतात.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. पहिल्या तीन गावांतच अंतर आतापर्यंतच्या सर्वोत्तमापेक्षा जास्त झाले, तरी त्या सुरुवातीचे उरलेले सगळे क्रम, नऊ गावांत ७२०, हे फंक्शन देतच राहते. ती फांदी तिथेच छाटण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे दहापर्यंत थांबे असले तर मी आजही हेच वापरतो, आणि त्यापुढे स्वतः लिहिलेले रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारे फंक्शन) चालवतो, ज्यात दुबार गाव एकाच जागी दोनदा घेतले जात नाही आणि लांबलेला रस्ता मध्येच सोडता येतो.