कंपनीच्या स्कीममधून एमटीबी (माउंटन बाइक) घेताना: स्कीम, सायकल आणि दुकान तिन्हीचा रिव्ह्यू (सोलापूर)

आमच्या कंपनीनं (चिंचोळी एमआयडीसी, नाव टाकत नाही) यंदा सायकल स्कीम आणली. कंपनी दुकानदाराला डायरेक्ट पैसे देणार, आपल्या पगारातून 12 हप्त्यात कापून घेणार, व्याज शून्य, लिमिट 30 हजार, त्याच्या वर गेलं तर फरक आपण खिशातनं भरायचा. ग्रुपवर मेसेज पडल्यापासून रोज दोघं-चौघं विचारूलालेत की घ्यावी का, कुठली घ्यावी, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आधी स्कीमबद्दल, कारण तिथंच निम्मे लोक गोंधळ करतात. आमच्या एका सरांचा मुलगा इंग्लंडला असतो, तिकडं 1999 पासून असली स्कीम आहे, तिथं हप्ता टॅक्स कापायच्या आधीच्या पगारातून जातो त्यामुळं सायकल खरोखर स्वस्तात पडते, आणि कागदोपत्री सायकल आधी कंपनीची असते अन् कर्मचारी ती भाड्यानं वापरतो. हे ऐकून आमच्यातले अर्धे जण खूष झाले की आपल्याला पण टॅक्स वाचणार. तसलं काही नाही ओ. आपल्याकडं टॅक्स कापून जो पगार हातात येतो त्यातनंच हप्ता जातो. फायदा एवढाच की व्याज नाही, क्रेडिट कार्डाची प्रोसेसिंग फी नाही आणि एकदम 30 हजार काढायला लागत नाहीत. माझ्या मते तेवढा फायदा पण पुरेसा आहे, पण ‘फुकट सायकल’ असं डोक्यात घेऊन कोणी जाऊ नका.

दोन अटी फॉर्मवर बारीक अक्षरात आहेत त्या वाचा. नोकरी सोडली तर राहिलेले सगळे हप्ते फुल अँड फायनलमधून (नोकरी सोडताना मिळणाऱ्या शेवटच्या हिशोबातून) एकदम कापतात. आणि बिल जीएसटीचं पाहिजे, त्यावर फ्रेम नंबर पाहिजे. हा नंबर सायकल उलटी केली की पेडल जिथं बसतंय त्याच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. जीएसटीवरनं आठवलं, 22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरनं 5 टक्के झालाय, तरी काही ठिकाणी जुन्या एमआरपीचंच लेबल लावून ‘सायेब तुमच्यासाठी डिस्काउंट’ म्हणून तोच फरक परत आपल्याच गळ्यात मारतात. बिलावरचा टक्का बघून घ्या.

आता सायकल. स्कीमच्या लिस्टमध्ये हिरो, फायरफॉक्स, हर्क्युलिस, माँट्रा असली नावं होती (फायरफॉक्स 2015 पासून हिरो सायकल्सकडंच आहे, आणि हर्क्युलिस-माँट्रा दोन्ही चेन्नईच्या टीआयच्या, त्यामुळं ब्रँडवरनं फार भांडायला नको). मी घेतलेल्या मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण दरवर्षी तेच मॉडेल वेगळं स्टिकर अन् वेगळे पार्ट लावून येतं, नाव बघून घेतली तर फसाल. पार्ट बघा.

लिस्टमधल्या कशावर सगळ्यात जास्त लोक तुटून पडले माहितीये? दोन्हीकडं शॉकअप असलेल्या आणि चार इंची फॅट टायरवाल्या सायकलवर. दिसायला बुलेटवानी, सेल्फीला एक नंबर. पण या किमतीत मागं जो शॉकअप देतात ती नुसती स्प्रिंग असते, पेडल मारलं की सायकल वरखाली डुलते, आपला निम्मा जोर त्या स्प्रिंगलाच जातो. त्यात स्टीलची फ्रेम, वजन 18-20 किलो. फॅट टायर वाळूसाठी, बर्फासाठी असतंय, आपल्या पुणे रोडला त्याचा काय उपयोग सांगा. एकानं माझं न ऐकता घेतलीच, आता ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये असते, पोरं तिच्यावर बसून फोटो काढतात.

मी घेतली ती साधी हार्डटेल, म्हणजे पुढं शॉकअप, मागं काही नाही. अॅलॉयची फ्रेम (6061 नावाचं अॅल्युमिनियम), साडेसत्तावीस इंची चाक, टायर 2.1 इंच रुंद, मेकॅनिकल डिस्क ब्रेक, पुढं तीन मागं आठ गिअर शिमानो (गिअर बनवणारी जपानी कंपनी) अल्टसचे. लिमिटच्या थोडी वर गेली, वरचे मी भरले.

गिअरवर जरा थांबतो कारण दुकानात फक्त आकडा सांगतात, ‘21 गिअर आहे सायेब’ बस्स. 21 मधले निम्मे एकमेकांसारखेच असतात, आणि पुढचं मोठं मागचं मोठं असं तिरकं लावलं तर चेन घासते, म्हणजे ते वापरायचे नसतातच. शिमानोचा क्रम लक्षात ठेवा: टुर्नी सगळ्यात खाली, मग अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर. टुर्नी वाईट नाही ओ, गावात फिरायला चालतंय. पण सात गिअरच्या टुर्नीवाल्या बहुतेक सायकलींना मागं आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील असतं, त्यात बेअरिंग आतल्या बाजूला राहतं आणि एक्सलचं टोक लांब उघडं पडतं, त्यामुळं जरा वजनदार माणूस खड्ड्यात आपटला की एक्सल वाकतो. आठ गिअरला सहसा कॅसेट (हबवर सरकवून बसवायचा दातेरी चाकांचा संच) येते, तिथं बेअरिंग बाहेरच्या टोकाला असतंय, लोड नीट वाटला जातो. सोलापुरातले सध्याचे रस्ते बघता (पाइपलाइनसाठी खणलेले, बुजवलेले, परत खणलेले) मला हा एकच मुद्दा हजार-दोन हजार जास्त द्यायला पुरेसा वाटला. शिवाय फ्रीव्हीलचं सगळ्यात लहान चाक बहुतेक 14 दातांचं असतं आणि कॅसेटचं 11 चं, हायवेवर उताराला पाय रिकामे फिरत नाहीत.

घाटाचं विचाराल तर तुळजापूर हीच आपली परीक्षा. सोलापूरपासून 45 किलोमीटर, रस्ता बरा, आणि पार दमल्यावर शेवटी घाट. कोजागिरीला निम्मं सोलापूर हा रस्ता पायी जातं त्यामुळं ‘त्यात काय एवढं’ असं सगळ्यांना वाटतं, सायकलवर गेलं की कळतंय. पुढं सगळ्यात लहान, मागं सगळ्यात मोठं लावून बसूनच चढायचं, उभं राहून जोर मारला की पुढचा शॉकअप दबत राहतो. म्हणून शॉकअपला लॉकआउटची खिट्टी (शॉकअप दबायचा बंद करणारी) आहे का बघा. माझ्याला आहे, आणि खरं सांगू का, डांबरीवर मी ती कायम लॉकच ठेवतो. शॉकअप कामाला येतो तो नान्नजकडं माळढोक अभयारण्याच्या बाजूनं किंवा हिप्परगा तलावाच्या मागच्या गाडीवाटेनं गेलं तरच. तिथं मात्र मजा आहे, सकाळी सात वाजता काळवीट दिसतात (माळढोकचं विचारू नका, नशिबात पाहिजे).

ब्रेकवर लोक म्हणतील हायड्रॉलिक (केबलऐवजी ऑइलच्या दाबावर चालणारा) का नाही घेतला. त्याच बजेटमध्ये एक मिळत होती. हायड्रॉलिक दाबायला मऊ, भारीच असतंय यात वाद नाही. पण ऑइल बदलायची वेळ आली की कोण करणार? शिमानोच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, आणि आपल्या गल्लीतला मिस्त्री प्रेमानं मोटारसायकलच्या ब्रेकचं डॉट ऑइल घालून देणार, मग आतले रबराचे सील फुगून ब्रेकची वाट लागणार. मेकॅनिकलला केबल असते, पेठेतला कुठलाही सायकलवाला ओढून देतो. पुण्यात राहत असतो तर हायड्रॉलिकच घेतला असता.

चाकाचं पण असंच. एकोणतीस इंची चाक खड्ड्यावरनं मस्त निघून जातं, उंच माणसानं तेच घ्यावं. माझी उंची पाच फूट सहा, मला साडेसत्तावीस बसली. ट्यूब मात्र घेतानाच दोन जादा घ्या, 26 ची ट्यूब कुठंही मिळते पण बाकीच्या साइजला दोन-तीन दुकानं हिंडावी लागतात. अगदीच अडलं तर 26 ची ट्यूब साडेसत्तावीसच्या टायरमध्ये ताणून बसते, घरापर्यंत पोचवते. आणि ट्यूब लागणारच, कारण आपल्याकडं सराटे. रस्त्याच्या कडेला जरा खाली उतरलात की सराटा आणि वेडी बाभूळ दोघं वाट बघत बसलेलेच. टायरच्या आत पट्टी टाकून घ्या, किंवा ट्यूबमध्ये सीलंट. हवा टायरवर लिहिलेल्या रेंजमध्येच ठेवा, मी डांबरीला जरा कडक आणि मातीत जरा नरम ठेवतो.

पावसाळ्यात काळ्या मातीत एमटीबी घालू नका ही कळकळीची विनंती. माउंटन बाइक आहे म्हणजे चिखलात चालणारच असं वाटतं, पण आपली माती टायरला थरावर थर चिकटते आणि फ्रेम अन् टायरमधली जागा भरली की चाक फिरायचंच थांबतं, मग सायकल खांद्यावर. नंतर गाडी वॉशिंगवाल्याकडं प्रेशरनं धुवायची पण नाही, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. माती वाळू द्या, काडीनं पाडा, फडक्यानं पुसा.

आता दुकान. स्कीममध्ये ठरलेल्या दुकानातनंच घ्यावी लागते आणि माझा सगळ्यात मोठा वैताग हाच. नाव लिहीत नाही. माणसं बोलायला गोड, पण साइज हा विषयच नाही त्यांच्याकडं. मला 19 इंची फ्रेम काढून दिली आणि म्हणतो ‘सीट खाली करून देतो की, काय होत नाय बे, बसतंय.’ सीट खाली केली तरी हँडल जवळ येत नाही ना बाबा. उभं राहून दांडी पायाच्या मधी घ्या, दोन-तीन इंच मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर अचानक उतरायची वेळ आली की काय होईल ते सांगायला नको. मी 17 मागितली, मग ‘मागवावी लागंल, आठवडा लागंल’ सुरू झालं. मागवली. तुम्ही पण मागवा, स्टॉकमधली खपवायला ते हुशार असतात.

जोडणी तर विचारूच नका. डिलिव्हरीला गेलो तर पुढचा शॉकअप उलटा! दोन पायांना जोडणारी जी कमान असते ती मागं तोंड करून, आणि डिस्कचा कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडनं दाबणारा भाग) उजवीकडं. तो शॉकअप कमान पुढं आणि कॅलिपर डावीकडं असाच बसायला पाहिजे. मी दाखवलं तर पोरगा म्हणतो ‘कंपनीतनं असंच आलंय.’ मालक आला, बघितलं, गपचूप फिरवून दिलं. हे फक्त शोभेचं नाही, शॉकअप उलटा असला की पुढचं चाक पायाजवळ येतं अन् हँडल विचित्र वळतं. तिथंच उभं राहून अजून दोन गोष्टी बघून घ्या: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढंमागं हलवा, हँडलच्या बुडाशी खटखट आली तर हेडसेट (हँडल वळवणारं बेअरिंग) ढिला आहे. आणि डाव्या पेडलच्या आट्या उलट्या असतात, पोरानं जोर लावून चुकीचं पेडल चुकीच्या बाजूला घातलं तर क्रँकच्या (पेडल बसतं त्या दांडीच्या) आट्या जातात. माझं पेडल बरोबर होतं, देवाची कृपा. पहिलं फ्री सर्व्हिसिंग मात्र चांगलं केलं, तेवढं कबूल करतो, गिअरची केबल ताणून, चाकाचा बाक काढून दिला.

रोज कंपनीत सायकलनं जातो का? नाही. विजापूर रोडवरनं गावातनं पार होऊन पुणे रोडला लागायचं, तिथनं हायवेला ट्रक. थंडीत सकाळच्या शिफ्टला जातो, मागं लाल लाइट लावून. पावसाळ्यात जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर येतो, येताना मागनं ढकलतो, तेही जमतं. एप्रिल-मे ला पारा 40 च्या वर असताना दुपारी शिफ्ट सुटल्यावर सायकलवर बसणारा माणूस मला तरी दाखवा. तेव्हा कंपनीची बस झिंदाबाद. पण रविवारी तुळजापूर नाहीतर अक्कलकोट होतं, आणि संध्याकाळी जुळे सोलापूरपर्यंत चक्कर.

फक्त गावात अन् डांबरीवरच फिरायचं असेल तर एमटीबी घेऊच नका खरं म्हणजे, हायब्रिड घ्या, टायर बारीक, वजन कमी, पळते पण भारी. लिस्टमध्ये दोन होत्या, कोणी ढुंकून बघितलं नाही. माझं माळावर जाणं होतं म्हणून मला एमटीबी पटते.

मार्क द्यायचे तर स्कीमला पाचात चार, एक कापला तो एकाच दुकानाच्या सक्तीसाठी. सायकलला चार. दुकानाला दोन, तेही सर्व्हिसिंगमुळं. हेल्मेट आणि लॉक लिमिटमध्ये बसतंय, एकाच बिलावर घेतलं तर, नंतर वेगळं बिल नेलं तर एचआर घेत नाही, विचारून झालंय. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतात, फॉर्म टाइम ऑफिसला मिळतो, आणि साइज 17 पाहिजे असेल तर दुकानात आत्ताच सांगून ठेवा.