व्हॅक्युम सीलर : बोटीचा शिधा भरायला घेतला, डाळ-तांदळाला एक नंबर, पिठाला बेकार

भाजीपाला पॅक करून फ्रीजमध्ये ठेवायचा म्हणून हे पिशवीतली हवा खेचून सील मारणारं मशीन घेतलेलं नाही, त्यामुळे तसा रिव्ह्यू हवा असेल तर दुसरीकडे बघा. माझा आतेभाऊ शिडाची बोट घेऊन नारळी पौर्णिमा, दसरा उरकला की मुंबईहून गोवा-कोची असा खाली जातो आणि त्याचा कोरडा शिधा आमच्याकडे कोथरूडला भरला जातो. कारण साधं आहे, पाऊस गेल्यावर पुण्याची हवा कोरडी, तिकडे धक्क्यावर बसून पॅकिंग केलं की दमट खारी हवाच पिशवीत कोंडते, मग मशीन कितीही भारी असो.

घेतलं पुण्याच्या बोहरी आळीतून, पॅकिंग मटेरियलवाल्याकडून. ऑनलाइन थोडं स्वस्त मिळतं पण यांनी समोर चालवून दाखवलं आणि सील मारणाऱ्या तारेवरची टेफ्लॉनची पट्टी जळते म्हणून एक जादा दिली, ती न मागता. गाडी घेऊन जाऊ नका हां, मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा.

आता मशीन. तांदूळ, तूरडाळ, मसूर, मूग, साबुदाणा यांना तोड नाही. पिशवी विटेसारखी घट्ट होते, बाकाखालच्या कप्प्यात एकावर एक रचता येते आणि बोट कलली तरी इकडेतिकडे पळत नाही. काचेच्या बरण्या तर बोटीवर नकोतच. हरभरा मात्र जपून, त्याला टोक असतं ना, हवा खेचली की तेच पिशवीत घुसतं, रात्री घट्ट असलेली पिशवी सकाळी सैल झालेली दिसते. आधी साध्या पातळ पिशवीत घालायचं आणि मग सील करायचं. पोह्यांना पूर्ण व्हॅक्युम दिलात तर भुगा, अर्ध्यात थांबवायचं बटण आहे ते वापरा.

पीठ? विसरा. पुस्तिकेत कणकेचा फोटो छापलाय खरा, पण पंप पीठ वर ओढतो, ते सीलच्या जागी बसतं आणि प्लास्टिक चिकटतच नाही. कणीक, बेसन, भाजणी यासाठी त्याच दुकानात फॉइलची जाड मायलर पाऊच मिळते, त्यात ऑक्सिजन शोषणारी पुडी टाका आणि नुसतं सील मारा. पुडीत लोखंडाची भुकटी असते, ती गंजताना आतला ऑक्सिजन खाते, म्हणून शेंगदाणेही लवकर खवट होत नाहीत. पुड्यांचं पाकीट फोडलं की भराभर वापरायचं, उरलेल्या लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत. साखरेत पुडी घालू नका, साखरेचा दगड होतो.

"किडे लागणार नाहीत" असं खोक्यावर लिहिलंय ते अर्धंच खरं. किड्यांची अंडी दाण्यात आधीपासून असतात आणि घरगुती मशीन सगळी हवा काढत नाही. सील केलेली पिशवी उणे १८ अंशाच्या फ्रीजरमध्ये चारेक दिवस ठेवा, बाहेर काढल्यावर तशीच बंद राहू द्या, वरचं पाणी पुसा. आई डाळीला एरंडेल लावा म्हणत होती, तेही चालतं पण पिशवीच्या तोंडाला तेल लागलं की सील गेलंच समजा. पाऱ्याच्या गोळ्या बोटीवर नकोत.

एक किलोच्या पिशव्या करण्यात काही अर्थ नाही. दोन माणसांचं एका वेळचं एवढंच भरा, उघडलेली पिशवी समुद्रावर लगेच ओलावा धरते. आणि पुठ्ठ्याचे खोके बोटीवर चढवायचेच नाहीत, पुठ्ठ्याच्या पन्हळ्यांत झुरळं अंडी घालतात! भाऊ तर बिस्किटांचे खोकेसुद्धा धक्क्यावरच फोडतो. शिजवायची कृती पाकिटावरची कापून आत टाका, वर मार्करने नाव-तारीख, कागदी लेबलं सुटून येतात.

तक्रार म्हणाल तर दोन. दहाएक पिशव्या झाल्या की मशीन तापतं आणि सील सुरकुततं, थांबावं लागतं, मी तर प्रत्येक पिशवीला दोनदा सील मारतो. दुसरं म्हणजे रोल. साधी पिशवी चालत नाही, खाचा असलेलीच लागते कारण हवा त्या खाचांतूनच बाहेर येते, आणि ती महाग पडते, मशीनचे पैसे एकदाच जातात पण रोलचे जातच राहतात. पाचपैकी साडेतीन. अर्ध्या किलोच्या मायलर पाऊच दिवाळीच्या आसपास फराळवाले उचलून नेतात, तेव्हा जायच्या आधी फोन करून विचारा.